कुलूपवाल्याची पोरं

माझा भाऊ पुस्तक लिहितोय, हे वहिनीनं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या हातातल्या कवळीचा सुळा वाकडा बसला. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचायचा ज्याला कंटाळा, तो म्हणे पुस्तक लिहितोय!

"कशावर?" मी विचारलं.

"बाबांवर. दुकानाला पन्नास वर्षं होतायत ना. छोटंसंच आहे, बत्तीस पानांचं. तुमच्याही आठवणी हव्यात त्यांना. दोन पानं द्या लिहून. काहीतरी गोड."

गोड! मी दातांच्या कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून जबड्याचं माप येतं, मग मेणात एकेक दात बसवायचा, तारेचे आकडे वाकवायचे, घासायचं, चकाकी आणायची. पस्तीस वर्षं हेच करतेय. शहरातली निम्मी म्हातारी मंडळी माझ्या दातांनी हसतात आणि माझ्याच दातांनी सुनांना चावतात. गोडाचं पुढे काय होतं ते मला कुणी शिकवू नये.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ते कुलूपवाले होते. किल्ल्या करायचे, बिघडलेली कुलपं ताळ्यावर आणायचे, कुणाची तिजोरी अडली की पिशवी उचलून निघायचे. पुढे दुकान, मागे आमचं घर आणि मध्ये एक बोळ. बोळात सामानाची खोली होती. पत्रे, पट्ट्या, मोडकी कुलपं, तेलाचे डबे, सगळं त्यात कोंबलेलं. खिडकी नाही. दिव्याचं बटण बाहेर. दाराला बाबांनी स्वतः बनवलेलं कुलूप, लाकडातच बसवलेलं, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून किल्ली लागणारं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं झाली की बाबा आम्हा दोघांपैकी एकाला त्या खोलीत घालायचे. हातात एक वाकवलेली तार द्यायचे. बाहेरून कुलूप, दिवा बंद, किल्ली खिशात. "उघड आणि ये बाहेर," एवढं बोलून दुकानातल्या घड्याळाखाली जाऊन बसायचे. एका सुट्टीला दादा, पुढच्या सुट्टीला मी. याला ते परीक्षा म्हणायचे. दिवा चालू ठेवा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "चोराला कोण दिवा धरून उभं राहतं?" आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचे. मी तेव्हा सात वर्षांची होते. तोपर्यंत मी कुणाचं काही चोरलेलं नव्हतं.

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो चार मिनिटांत बाहेर यायचा, फार तर दहा. मग बाबा त्याला उचलून काउंटरवर उभा करायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून सांगायचे, "हाताला डोळे आहेत माझ्या पोराच्या!" मला पहिल्या वेळी तीन तास लागले. वर सात मिनिटं. बाबांनीच मोजली होती म्हणून एवढं नेमकं माहीत. मी बाहेर आले तेव्हा ते खुर्चीत पेंगत होते. एक डोळा उघडून म्हणाले, "अगं, एवढ्या वेळात चोर म्हातारा होऊन गेला असता की!" त्या दिवसापासून मी गोगलगाय झाले. घरात, शाळेत, गल्लीत, सगळीकडे. पुढे पुढे मी एक तास दहा मिनिटांपर्यंत आले, पण त्याचं कुणाला काय कौतुक? मी दहा वर्षांची झाल्यावर बाबांनी निकाल दिला, पोरीचा हात जड आहे. दादाला बाबांच्या शेजारी स्टूल मिळालं, नंतर सगळं दुकानच मिळालं. मला टायपिंगच्या वर्गात घातलं. तिथून सटकून मी कवळ्यांकडे कशी वळले ते सांगत बसत नाही. पण दिवसभर मी काडीहून बारीक तारा वाकवते, आणि आजवर एकाही म्हाताऱ्यानं हात जड आहे म्हणून कवळी परत आणलेली नाही.

तर मी दोन पानं लिहून दिली. खरं तेच लिहिलं. अंधारात तेलाचा वास कसा नाकात बसायचा ते लिहिलं. पडलेल्या दाताची जागा जिभेनं चाचपत मी तास कसा काढायचे ते लिहिलं. बाबा बाहेर पेंगत होते तेही लिहिलं. शेवटी थोडी ऐट करून लिहिलं की एवढं होऊनही मी एकदासुद्धा रडले नाही.

आठ दिवसांनी छापलेलं पुस्तक हातात आलं. 'कुलूपवाल्याची शाळा' असं नाव, वर बाबांचा फोटो. फोटोत बाबा हसतायत, कारण फोटोवाल्यानं तसं सांगितलं होतं. आत सगळीकडे बाबांचं थोर मन, बाबांची दूरदृष्टी, बाबांचं मुलांवरचं प्रेम. माझी दोन पानं शोधली तर ती दोन ओळींवर आली होती. 'माझी धाकटी बहीणही ही परीक्षा आनंदाने द्यायची. ती कधी रडली नाही, हसत हसत बाहेर यायची.' माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातातलं काम टाकलं आणि तशीच दुकानावर गेले.

दुकान कसलं, आता शोरूम आहे ते. बोट लावलं की उघडणारी कुलपं, मोबाइलनं उघडणारी कुलपं, माणसाचा चेहरा ओळखणारी कुलपं. दादानं गेल्या वीस वर्षांत हातात तार धरलेली नाही. काचेच्या टेबलामागे पोट टेकून बसतो आणि आलेल्या गिऱ्हाइकाला पट्टीच्या वक्त्यासारखा 'सुरक्षा' या विषयावर व्याख्यान देतो.

"हसत हसत कोण बाहेर यायचं रे?" मी पुस्तक टेबलावर आपटलं.

"बस आधी. पाणी घे."

"पाणी नको मला. तीन तास काळोखात काढून मी हसत बाहेर यायचे? मला वेड लागलं होतं का?"

"अगं, कार्यक्रमात वाटायचं पुस्तक आहे ते," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. हा सूर त्यानं गिऱ्हाइकांसाठी कमावलाय आणि घरातही तोच वापरतो. "लोकांना काय आवडतं ते बघायला लागतं. आणि तू ना, एकाच गोष्टीला कवटाळून बसतेस. बाबांनी आपल्याला काय नाही दिलं? धीर दिला. हिंमत दिली. मी आज जो काही आहे तो त्या खोलीमुळे आहे."

"ते तर दिसतंच आहे."

"ते कुलूप उघडायचं ना, तो खट् असा आवाज! अजून माझ्या कानात आहे. बाहेर यायचो तर बाबा हात पसरून उभे. अगं, किती सुंदर बालपण होतं आपलं!"

आपलं! एकाच ताटात जेवलो, एकाच पांघरुणासाठी भांडलो, एकाच बापाला बाबा म्हटलं, आणि हा माणूस कुठल्या घरात वाढला कोण जाणे. मी तसं बोललेसुद्धा.

"तुला बाबा कधी कळलेच नाहीत," तो म्हणाला. "तुझं दुखणं मला माहीत आहे. तुला कुलूप पटकन उघडता यायचं नाही, म्हणून तू अजून त्यांच्यावर राग काढतेस. झालं ते झालं. प्रत्येकाचा हात वेगळा असतो."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पन्नाशी ओलांडली तरी ती चार मिनिटं माझ्या छातीवर बसलेली होती. त्याला जमलं, मला जमलं नाही, हे मी कुणापाशी कबूल केलेलं नव्हतं, पण विसरलेही नव्हते.

तेवढ्यात त्यानं पुस्तकाचं शेवटचं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. 'आणि आज चौथी पिढी तेच दार उघडणार!' खाली भिंगरीचा फोटो.

भिंगरी म्हणजे दादाची नात, वय वर्षं आठ. तिचे आईवडील नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतात, आणि शाळेच्या सुट्टीत ती आजी-आजोबांकडे येते. घरात नुसती गरगर फिरत असते म्हणून भिंगरी.

"दादा, तिला त्या खोलीत घालू नकोस," मी म्हटलं. रागावून नाही, नीट सांगितलं.

"पाच मिनिटांचा खेळ आहे गं. आठवडाभर शिकवतोय तिला. तिच्या आईबापाला व्हिडिओ पाठवणार आहे, बघच कसे उडतात."

"आणि नाही उघडलं तर?"

"माझी नात आहे ती!"

"मग निदान दिवा तरी चालू ठेव."

"दिवा चालू ठेवला तर त्यात काय राहिलं?" तो हसला. अगदी बाबांसारखा, खो खो.

मी मागच्या घरात आईकडे गेले. आई ऐंशी वर्षांची आहे, दादाकडेच राहते. खिडकीशी बसून जुन्या चादरींच्या फाटलेल्या कडा शिवत होती. मी तावातावानं सगळं सांगितलं. तिनं सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाली, "जाऊ दे गं. हौस आहे त्याला." माझ्या जन्मापासून आईचं धोरण हेच. बाप आरडाओरडा करो, मुलगा थापा मारो, ही मूग गिळून शिवण शिवणार.

भिंगरी जेवणाच्या टेबलाखाली बसून एका सुट्या कुलपात तार घालून खुडबुडत होती. मला बघून बाहेर आली.

"आत्याआजी, त्या खोलीत खूप अंधार असतो?"

"असतो."

"तू आत रडायचीस?"

आणि इथे मी माती खाल्ली. पोर माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होती, समोर आई बसलेली, पलीकडून दादाचा आवाज येत होता. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी मान ताठ करून म्हटलं, "मी? छे! एकदासुद्धा नाही."

"मग मीपण नाही रडणार," ती म्हणाली आणि परत टेबलाखाली गेली.

शेखी मिरवायचा रोग आमच्या घरात फक्त दादाला आहे अशी माझी समजूत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी जाणारच नव्हते. पण पोरीचं काय होतंय या विचारानं सकाळपासून कामात लक्ष लागेना, म्हणून चार वाजता गेले. चाळीसेक माणसं जमली होती. कुलपांच्या कंपन्यांचे विक्रेते, शेजारचे दुकानदार, बँकेचा मॅनेजर, दादाचे फिरायला जाणारे मित्र. सगळ्यांच्या हातात सरबताचे ग्लास. दादानं उकाड्यात कोट घातला होता आणि घामानं निथळत होता. त्याचं भाषण झालं. बाबा किती साधे होते हे त्यानं पंचवीस मिनिटं लावून सांगितलं. एका विक्रेत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांना तो कधी भेटलेला नव्हता. त्याची वरची कवळी मात्र माझी होती, बोलताना थोडी सुटत होती, ते बघून मला उगीच बरं वाटलं.

मग सगळी वरात बोळात आली. सामानाच्या खोलीचं दार रंगवून चकचकीत केलं होतं, बाजूला पाटी, 'बाबांची शाळा'. कुलूप तेच जुनं. आतला पसाराही तसाच ठेवला होता, वातावरणनिर्मिती म्हणून. आईसाठी भिंतीशी खुर्ची मांडली होती. दादानं भिंगरीच्या हातात तार दिली. पोरीनं सगळ्यांना हात हलवून दाखवला आणि आत गेली. दादानं दार लावलं, किल्ली फिरवली, ती कोटाच्या खिशात टाकली आणि दिव्याचं बटण बंद केलं. भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्यावर मिनिटं-सेकंद पळू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पहिली पाच मिनिटं आतून तारेचा खुडखुड आवाज येत होता. दादा खुणेनं सगळ्यांना गप्प करून तो ऐकवत होता. आठव्या मिनिटाला आवाज कमी झाला. बाराव्या मिनिटाला आत काहीतरी पत्र्यावर पडलं, बहुतेक तारच, आणि मग एकदम सगळं शांत झालं.

"एकाग्र झालीय," दादा म्हणाला.

पंधरा मिनिटं झाली. लोक बिस्किटं खायला लागले. मी दादाजवळ गेले. "किल्ली दे."

"तमाशा करू नकोस," तो दात न उघडता म्हणाला. हसू तसंच ठेवून. "काही झालेलं नाही तिला. घाबरली असती तर ओरडली नसती का?"

"किती शांत मुलगी आहे हो!" बँकेचा मॅनेजर म्हणाला. "आमची असती तर घर डोक्यावर घेतलं असतं."

वहिनी ग्लास भरत फिरत होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. अठरा मिनिटं झाली. मी आईच्या खुर्चीपाशी जाऊन खाली बसले.

"आई, तू सांग त्याला दार उघडायला. तुझं ऐकेल तो."

"अगं, आवाज तरी येतोय का तिचा?" आई माझा हात थोपटत म्हणाली. "रमली असेल आत. ती काय याच्यासारखी आहे? हा तर दार लागायचा अवकाश, की सुरू. मग मला हातातलं टाकून पळायला लागायचं."

"कुठे पळायला लागायचं?"

"उघडायला. चहाच्या डब्यात दुसरी किल्ली असायची ना माझ्याकडे. तुझ्या बाबांना कुठे ठाऊक होतं!"

ती हे असं सांगत होती, जणू गॅस बंद केलाय हे सांगतेय. मला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा बोळातले सगळे आवाज लांब गेल्यासारखे झाले.

"म्हणजे दादानं ते कुलूप..."

"तो कसला उघडतोय! हुंदके देऊन देऊन लाल व्हायचा बिचारा. मी काढायचे त्याला बाहेर, तोंड पुसायचे, आणि मग पाठवायचे दुकानात. एकदा नाही, दर वेळी. तुझे बाबा बघ कसे खूश व्हायचे. म्हटलं, होऊ दे."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी तीन तास आत होते, आई. सात वर्षांची होते मी. किल्ली तुझ्या डब्यात होती ना?"

आईनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. खरंच नवलानं, त्यात कसलं कपट नव्हतं. "पण तू कुठे रडायचीस? तुझा आवाजच यायचा नाही. मी दोन-तीनदा दाराशी येऊन कान देऊन जायचे. मला वाटायचं, ही मजेत आहे."

दाराच्या एका बाजूला मी ओठ चावून बसलेली, आणि दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, आई कान देऊन उभी. आणि ती परत जाते. जन्मभर मी ज्याचा टेंभा मिरवला, त्या माझ्या न रडण्यानं मला तीन तास आत ठेवलं होतं.

मी उठले. पडद्यावर बावीस मिनिटं झाली होती. दादा एका विक्रेत्याला सांगत होता, "माझा विक्रम चार मिनिटांचा!" आणि माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. चाळीस माणसं, सगळ्यांच्या हातात त्याचं पुस्तक, आई साक्षीला. एकच वाक्य बोलायचं होतं आणि त्याची कुलूपवाल्याची शाळा, काउंटरवरचं कौतुक, हाताचे डोळे, सगळं त्याच्याच कोटावर सांडलं असतं. देवाशप्पथ सांगते, इतका मोह मला आयुष्यात कशाचा झाला नव्हता. लोक माझ्याकडे बघायला लागले. दादाचंही बोलणं थांबलं.

मी दाराला पाठ लावून उभी होते, आणि मला आतला श्वास ऐकू आला. नाकानं घेतलेला, आखूड, मध्येच अडवलेला. तोंड उघडलं तर रडू बाहेर पडेल म्हणून नाकानं घेतलेला. तो श्वास कसा घेतात हे त्या चाळीस माणसांत फक्त मला माहीत होतं.

मी वळले आणि दारावर दोन्ही हात आपटले.

"भिंगरी! रड!"

"काय करतेस तू?" दादा पुढे आला.

"भिंगरी, मी आत्याआजी. मी तुला चुकीचं सांगितलं बाळा. मला खूप रडू यायचं. मी मूर्ख होते म्हणून रडले नाही. तू रड. मोठ्यानं रड, घसा फोडून रड, सगळ्यांना ऐकू जाऊ दे!"

"अगं, लोक बघतायत! हिला कुणीतरी..."

"रड गं माझे आई, रड!" मी ओरडतच होते. माझा आवाज फाटला होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. आत क्षणभर काहीच नाही. मग एक हुंदका आला. मग दुसरा. आणि मग पोरीनं असा हंबरडा फोडला की बोळातल्या माणसांच्या हातातले ग्लास जिथल्या तिथे थांबले. "दा-आ-र उघडा! आजोबा-आ! दा-आ-र!"

दादा जागच्या जागी खिळला. हात खिशावर होता, पण किल्ली निघत नव्हती. त्याच्या हनुवटीला कंप सुटला होता. मी दातांकडे बघून माणूस ओळखणारी बाई, मला ते लगेच दिसलं.

आई खुर्चीतून उठली. एरवी तिला उठायला दोन माणसं लागतात आणि वर गुडघ्यांच्या नावानं पाच मिनिटं जातात. आता ती सरळ उठली आणि लोकांना हातानं बाजूला सारत आली. दादाच्या कोटाच्या खिशात हात घालून तिनं किल्ली काढली. त्यानं अडवलं नाही. ती दाराशी वाकली आणि किल्लीच्या भोकाशी तोंड नेऊन, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "तार काढून घे, राजा, आणि मागे सरक."

बाहेर उभा असलेला दादा एक पाऊल मागे सरकला.

अठ्ठावन्न वर्षांचा, कोट घातलेला माणूस. मग त्यानं खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडंच होतं, वाक्यही अजून होतं. पण त्याचा चेहरा बघून ते मी गिळलं. बोलायची गरजच नव्हती, त्याला सगळं आठवलं होतं.

दार उघडलं. भिंगरी बाहेर आली ती थेट आईच्या लुगड्यात शिरली. नाक, डोळे, तोंड सगळं एक झालं होतं आणि ती अजून रडत होती. आई तिथेच जमिनीवर बसली, तिला मांडीवर ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत एकसारखी म्हणत राहिली, "आले ना मी. आले ना. संपलं आता. आले ना मी."

दादा मान खाली घालून ऐकत होता. हे शब्द त्याला पाठ होते. मी छप्पन्नाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकत होते.